सीमाभागात अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद घालताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा ऑनलाइन वाद बहुधा चित्रपटावरून सुरू होतो आणि चौथ्या-पाचव्या कमेंटला सीमेवर जाऊन पोहोचतो. ऐतिहासिक चित्रपटाचा ट्रेलर येतो. एकजण वेशभूषेला नावे ठेवतो, दुसरा म्हणतो तुमच्या भाषेत असले जमतच नाही, तिसरा १९५६ (बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले ते साल) काढतो आणि चौथा कुणाच्या तरी आईवर घसरतो. अशी भांडणे पुण्या-मुंबईतही होतात, पण तिथे समोरचा माणूस खरोखरच लांबचा असतो. इथे तो बेळगावातल्याच शहापूरचा किंवा अनगोळचा निघतो. त्याची बहीण तुमच्या बहिणीच्या वर्गात असते आणि त्याच्या मामाचे दुकान तुमच्या नेहमीच्या वाटेवर असते. लिहिलेले शब्द फोनमध्येच राहत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरच्या शिवपुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ फिरला आणि लगोलग बेळगावात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. म्हणून इथे वाद घालण्याची पद्धत शिकून घ्यावी लागते. वाद टाळा, असे इथे कुठेही सांगितलेले नाही. आपली बाजू मांडलीच पाहिजे. ती वाचणाऱ्याला पटेल अशी कशी मांडायची, एवढाच प्रश्न आहे.

आधी कमेंटचे तुकडे करा

उत्तर लिहायला घेण्याआधी समोरचे वाक्य तीनदा वाचा आणि त्यात किती वाद आहेत ते मोजा. सीमाभागातल्या कमेंटमध्ये बहुधा तीन असतात: एक चित्रपटाचा, एक सीमेचा आणि एक दुखावलेल्या मनाचा. तिन्हींना वेगवेगळे उत्तर लागते. मनाला आकड्यांनी उत्तर दिले की माणूस चिडतो. आकड्याला भावनेने उत्तर दिले की तुम्ही हरलात, असे वाचणाऱ्याला वाटते.

ही कमेंट बघा:

'बेळगावात मराठी पिक्चरला एकच शो देतात आणि बाकीच्यांना सात-सात. बघून पोटात दुखतं. हे सगळं मुद्दाम करूलेत.'

'एकच शो' हे विधान तपासता येते. 'पोटात दुखतं' ही भावना आहे, तिला पुरावा मागायचा नसतो. 'मुद्दाम करूलेत' हा हेतूबद्दलचा आरोप आहे आणि त्याला आधार विचारायचा असतो. बहुतेक जण तिसऱ्या वाक्यावर तुटून पडतात, कारण तेच सगळ्यांत जास्त झोंबते. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा.

शो मोजायचे तर तिकिटाच्या ॲपवर शहर बेळगाव निवडा, तारीख निवडा आणि भाषेनुसार सगळे शो कागदावर उतरवून घ्या. शुक्रवारी नवे चित्रपट लागतात आणि शोंची वाटणी बदलते. त्यामुळे गुरुवारचा आकडा शुक्रवारच्या वादात वापरू नका. एकपडदा थिएटर ॲपवर नसेल तर तिथला बोर्ड बघा किंवा फोन करा. नुसती संख्या पुरत नाही, वेळही लिहा. सकाळी १० आणि दुपारी १ असे दोन शो असले तरी नोकरीवाल्याला त्यांचा काही उपयोग नाही. 'संध्याकाळी ६ नंतर एकही मराठी शो नाही' ही तक्रार 'शोच देत नाहीत' यापेक्षा कितीतरी जड आहे, आणि ती खोडता येत नाही. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. मग उत्तरात भावनेला एक वाक्य द्या, आकडा द्या आणि हेतूबद्दल प्रश्न विचारा: 'वाईट मलाही वाटतं. शुक्रवारी मोजले तर इतके शो निघाले, संध्याकाळचा एकही नाही. पण हे थिएटरवाल्यानं ठरवलं की वितरकानं मागितलेच कमी, हे तुम्हाला माहीत आहे का?' हा प्रश्न खराच आहे, कारण शो किती लागायचे हे त्या दोघांच्या बोलण्यातून ठरते.

कमाईच्या आकड्यांवरून भांडणारे बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांसमोर ठेवत असतात. ग्रॉस म्हणजे तिकीटविक्रीची करासकट रक्कम, नेट म्हणजे कर वजा जाता उरलेली, आणि शेअर म्हणजे थिएटरचा वाटा गेल्यावर वितरकाच्या हाती येणारी. एकाने कन्नड चित्रपटाचा जगभरचा ग्रॉस सांगितला आणि दुसऱ्याने मराठी चित्रपटाचा देशातला नेट, तर ती तुलनाच होत नाही. एवढे दाखवून द्या आणि पुढे चला. त्यावर तीन तास घालवण्यात अर्थ नाही.

मर्यादा, अभिमान आणि 'बे'

इथल्या वादांचा मोठा भाग भाषेच्या गैरसमजातून पेटतो. दोन्ही भाषांत बरेच शब्द तेच असतात, काहींचे अर्थ मात्र निराळे असतात, आणि फोनमधले आपोआप होणारे भाषांतर हे ओळखत नाही.

सगळ्यांत जास्त आग लावणारा शब्द म्हणजे 'मर्यादे'. कन्नडमध्ये त्याचा अर्थ मान, आदर. 'मर्यादे कोट्टु मर्यादे तगोरी' म्हणजे मान द्या, मान घ्या. कन्नड न वाचणारा मराठी माणूस हे वाचतो आणि समोरचा आपल्याला मर्यादेत राहायची धमकी देतो आहे असे समजतो. प्रत्यक्षात तो बोलणे सांभाळायची विनंती करत असतो. दुसरा शब्द 'अभिमानी'. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता, नटाचा फॅन. 'मी त्यांचा अभिमानी' यात गर्व नाही, प्रेम आहे. 'तमाषे' म्हणजे थट्टा, आपला तमाशा नव्हे. 'अवसर' म्हणजे घाई, संधी नव्हे. 'अनुमान' म्हणजे शंका. 'ननगे अनुमान ऐतरी' म्हणणारा निष्कर्ष काढत नाही, त्याला शंका आहे एवढेच तो सांगतो. कन्नड कमेंट टोचली तर उत्तर देण्याआधी तिच्यात यातला एखादा शब्द आहे का ते बघा. भाषांतर मराठीत आणि इंग्रजीत असे दोनदा करून बघा. दोन्हींत अर्थ वेगळा निघाला तर कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याला विचारा. बेळगावात असा शेजारी नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही.

क्रियापदाची शेपटी वाचायला शिका. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत '-री' असेल, म्हणजे 'हेळ्री', 'बर्री', 'हौदरी', तर माणूस अजून मान देऊन बोलतो आहे, मग मुद्दा कितीही कडक असो. '-री' जाऊन 'एनले', 'बारो' आले की बोलण्याचे भांडण झाले, आणि तिथून पुढे मुद्दा मांडून उपयोग नसतो. आपल्याकडेही हेच आहे. बेळगावच्या गल्लीत 'काय बे, काय करूलास' हे मित्राचे बोलणे असते. तेच अनोळखी माणसाला लिहिले की शिवी होते. लिहिताना आवाज जात नाही, हसणे जात नाही, पाठीवरची थाप जात नाही. अनोळखी माणूस कितीही लहान वाटला तरी 'तुम्ही' लिहा. वयाने मोठा दिसला तर काका, अण्णा, बाईमाणूस असेल तर ताई, अक्का. कन्नडमध्ये लिहिता येत असेल तर 'नन्न अभिप्राय ब्यारे ऐतरी' एवढे एक वाक्य पुरे; माझे मत वेगळे आहे, असा त्याचा अर्थ. समजले नसेल तर 'तिळीलिल्लरी, इन्नोंदसल हेळ्री'. मराठी माणसाने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये लिहिलेली एक ओळ समोरच्याचा सूर जेवढा उतरवते, तेवढा दहा पुराव्यांनी उतरत नाही.

'कानडी' हा मराठीतला जुना, घरगुती शब्द आहे आणि त्यात अपमान नाही. पण आज अनेक कन्नड भाषकांना तो हिणवल्यासारखा ऐकू येतो. बोलताना राहू द्या, लिहिताना 'कन्नड' लिहा. त्यात काही गमवावे लागत नाही आणि वाद मुद्द्यावर राहतो.

आडनावावरून भाषा ठरवू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे इथे दोन्ही भाषांच्या घरांत आहेत. 'तुम्ही कन्नडवाले' म्हणून ज्याला झोडपले तो मराठी शाळेत शिकलेला निघाला, तर पुढचे तुमचे एकही वाक्य कुणी वाचणार नाही.

आणि गावाचे नाव. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले. मराठीत लिहिताना बेळगाव लिहिणे स्वाभाविक आहे. तो आपल्या भाषेतला शब्द आहे आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही. मात्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहीत असाल आणि विषय चित्रपटाचा असेल, तर समोरचा वापरतो ते नाव वापरा. नाहीतर पहिल्याच शब्दावर भांडण सुरू होते आणि चित्रपट बाजूला राहतो. विषयच नामांतराचा असेल तेव्हा आपले नाव ठामपणे लिहा.

सीमेवर यायचेच असेल तर आकडे पूर्ण सांगा

अर्धवट उद्धृत करणे हा इथला सगळ्यांत जुना रोग आहे, आणि तो दोन्हीकडे आहे. महाजन आयोगाचेच घ्या. सीमावादासाठी १९६६ मध्ये केंद्राने नेमलेल्या या आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, अशी शिफारस त्यात आहे. त्याच अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या भागासह २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे, असेही आहे. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. आता मराठी माणूस फक्त २६४ सांगतो आणि कन्नड माणूस फक्त बेळगाव सांगतो. तुम्ही दोन्ही सांगा. जो माणूस स्वतःला गैरसोयीचा आकडा आधी सांगतो, त्याचा सोयीचा आकडा लोक मानतात. मग विचारा: 'महाजन अहवाल मान्य असेल तर निपाणी आणि खानापूरचं काय?' या प्रश्नाला उत्तर देणे अवघड आहे, आणि हा प्रश्न शिवी न देता विचारता येतो.

महाराष्ट्राची मागणी कशावर उभी आहे तेही नीट सांगता आले पाहिजे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. जिल्हा हा घटक धरला तर उत्तर एक येते, खेडे धरले तर दुसरे येते. जनगणनेच्या आकड्यांवरची बहुतेक भांडणे इथेच अडकलेली असतात. एकजण अख्ख्या बेळगाव जिल्ह्याची टक्केवारी टाकतो, दुसरा एका तालुक्याची, आणि दोघेही खरे बोलत असतात. आकडा पाहिला की तीन गोष्टी विचारा: कोणत्या सालचा, कोणत्या क्षेत्राचा, आणि मातृभाषा मोजली की येणारी भाषा. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने ८६५ गावे महाराष्ट्रात आणण्याबद्दलचा ठराव केला, हे ठाऊक असू द्या. पण ठराव म्हणजे निकाल नव्हे. तो निकाल असल्यासारखा वापरू नका.

जुन्या इतिहासात नावांचाही घोळ होतो. बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीला १६७८ च्या सुमारास मराठी फौजेचा वेढा पडला. तिथे लढणाऱ्या बाईला कन्नडमध्ये मल्लम्मा म्हणतात, मराठी लेखनात ती बहुतेक ठिकाणी सावित्रीबाई आहे. आपण एकाच प्रसंगावर बोलतो आहोत हे दोन्हीकडच्यांना कळत नाही आणि 'अशी कुणी नव्हतीच' इथवर गाडी जाते. ऐतिहासिक चित्रपटावर बोलताना पुराव्याची उतरंड लक्षात ठेवा: आधी त्या काळचे पत्र किंवा दप्तर, मग बखर, मग संशोधकाचा ग्रंथ, मग कादंबरी, आणि सगळ्यांत शेवटी दुसरा चित्रपट. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच लिहिली गेली, चिटणिसांची त्यानंतर शंभरावर वर्षांनी. 'बखरीत आहे' एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या बखरीत ते सांगा. रायण्णांबद्दल बोलताना त्यांना १८३१ मध्ये फाशी दिली ते नंदगड आपल्याच खानापूर तालुक्यात आहे, हे विसरू नका. तो इतिहास फक्त समोरच्यांचा नाही.

फोटो आला, व्हिडिओ आला

दगडफेकीचा, फाटलेल्या ध्वजाचा, काळे फासलेल्या बसचा फोटो आला की हात शिवशिवतात. दहा मिनिटे थांबा आणि हे करा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण असेल तर तो मजकूर पाच किंवा अधिक हातांतून आला आहे. तेवढ्याने तो खोटा ठरत नाही, पण पाठवणाऱ्याला मूळ जागा माहीत असेलच असे नाही. व्हिडिओ असेल तर तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या: सुरुवातीचा, मधला आणि पाटी किंवा गाडी दिसते तो. तिन्ही गूगल लेन्समध्ये टाका आणि सगळ्यांत जुनी तारीख शोधा. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ ट्रकांवर दगडफेक झाली होती. असली दृश्ये नवी तारीख घालून फिरवायला एक मिनिटही लागत नाही.

नंबरप्लेट वाचा. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक, एमएच-०९ कोल्हापूर. पण प्लेट गाडी कुठली ते सांगते, फोटो कुठला ते सांगत नाही. केए-२२ ची बस कोल्हापुरातही अडवली जाऊ शकते. जागेसाठी दुकानाच्या पाट्या आणि मागच्या इमारती बघा. हवाही बघा. डिसेंबरचा म्हणून आलेल्या फोटोत रस्ता ओला, लोकांच्या डोक्यावर छत्र्या आणि मागे भाताची हिरवी खाचरे असतील, तर तो पावसाळ्यातला आहे.

तपासून खोटा निघाला तर तोच फोटो पुन्हा टाकून 'हे खोटे आहे' असे लिहू नका. घाईत बघणारा फोटो बघतो, ओळ वाचत नाही. फोटोवर मोठी आडवी फुली मारा किंवा फोटो न टाकता मूळ तारीख आणि ठिकाण लिहा.

उत्तर लिहिताना

कमेंटच्या चौकटीत लिहू नका. फोनच्या नोट्समध्ये लिहा, वीस मिनिटांनी पुन्हा वाचा, मग चिकटवा. साठ ते ऐंशी शब्द पुरतात. फोनवर त्यापुढचे 'आणखी वाचा'खाली जाते आणि कुणी उघडत नाही. एका उत्तरात एकच मुद्दा घाला. पाच मुद्दे लिहिले तर समोरचा त्यातला सगळ्यांत कच्चा उचलतो, आणि बाकी चार वाया जातात.

समजा कमेंट अशी आली: 'पिक्चर बघून आलास की नुसतं ट्रेलर बघून बोलूलास बे? इतिहास बिघडवणारे असले पिक्चर तुम्हा लोकांनाच आवडतात.'

उत्तर असे लिहिता येते:

'पिक्चर शनिवारी पूर्ण बघितला. भाषा आणि वेशभूषा त्या काळची वाटत नाही, हे तुमचं म्हणणं मलाही पटतं. पण इतिहास बिघडवला म्हणताना तुमच्या मनात नेमका कोणता प्रसंग आहे? वेढ्याचा असेल तर मी त्याबद्दल काय वाचलंय ते सांगतो, तुम्हीही सांगा. आणि तुम्हा लोकांना म्हणजे कुणाला? मी पण बेळगावचाच की.'

'बघून आलास का' याचे सरळ उत्तर पहिल्याच वाक्यात दिले. न बघता बोलत असाल तर तेही इथेच कबूल करा, नंतर उघडे पडण्यापेक्षा ते बरे. दुसऱ्या वाक्यात समोरच्याचे जे खरे आहे ते मान्य केले. 'बिघडवला' या मोघम शब्दाला प्रसंगावर आणले, कारण प्रसंगावर बोलता येते, 'बिघडवला'वर येत नाही. 'बे' सोडून दिला. शेवटचा 'की' तेवढा आपल्या मातीचा राहू दिला, त्याने कडवटपणा उतरतो. हे उत्तर त्या माणसाला पटेलच असे नाही, आणि ते त्याच्यासाठी लिहिलेलेही नाही. न बोलता वाचणारे पन्नास जण तिथे असतात. तुमचे खरे वाचक ते.

एका माणसाला जास्तीत जास्त तीन उत्तरे द्या. पहिल्यात मुद्दा, दुसऱ्यात खुलासा, तिसऱ्यात 'माझं म्हणणं मांडून झालं, इथं थांबतो'. चौथ्यापासून वाचणारे निघून गेलेले असतात आणि फक्त तुम्ही दोघे उरता. शिवाय ज्या पोस्टखाली भांडण जास्त, तीच पोस्ट आणखी लोकांना दाखवली जाते. उघड विषारी पोस्टखाली म्हणूनच एकही शब्द लिहू नका; तक्रारीचे बटण दाबा आणि पुढे चला. रात्री अकरानंतरचे उत्तर सकाळी पाठवा.

दिवसही बघा. १ नोव्हेंबर एकासाठी कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्यासाठी काळा दिवस. १७ जानेवारी आणि १ जून हे इथे हुतात्म्यांचे दिवस आहेत. पहिला १९५६ च्या सीमालढ्याचा, दुसरा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचा. ज्यांच्या घरचे माणूस गेले ती घरे अजून आहेत. त्या दिवशीच्या श्रद्धांजलीखाली कुणी वाद उकरला तरी तिथे उत्तर देऊ नका, आपणही उकरू नका. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते त्या दिवसांत चित्रपटावरचा वादही सीमेचाच होतो. ते दिवस जाऊ द्या.

मन दुखावलेले असते तेव्हा

'ग्रामपंचायतीत सगळं कन्नडमध्ये, आईला नोटीस वाचता येत नाही, ती रडूलीय.' असे कुणी लिहिले तर एकजण म्हणतो, 'मग शीक की कन्नड.' दुसरा म्हणतो, 'म्हणून तर महाराष्ट्रात जायचंय.' दोघांनीही त्या आईकडे बघितलेले नाही. इथे पहिले वाक्य विचारपूस असले पाहिजे: नोटीस कसली आहे, शेवटची तारीख कधी, वाचून सांगायला कुणी आहे का. कन्नड वाचता येत असेल तर तसे सांगा. पुढे त्या माणसाला हक्काबद्दल विचारायचे असेल तर नेमके सांगा. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. कलम ३५०अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयींबद्दल आहे. कलम ३५०ब भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल आहे आणि त्याच्याकडे लेखी तक्रार करता येते. वादात ही तिन्ही एकमेकांत मिसळली जातात. कलम ३५० अर्ज कोणत्या भाषेत द्यायचा ते सांगते, उत्तर कोणत्या भाषेत यावे ते सांगत नाही. हे माहीत नसले की समोरचा एका वाक्यात तुम्हाला गप्प करतो.

'भावना दुखावल्या' हे वेगळे. 'माझ्या' भावना दुखावल्या म्हणणाऱ्याला विचारा, कोणते दृश्य, कोणते वाक्य. ते ऐका, आणि पटले नाही तरी 'तुम्हाला तसं का वाटलं ते कळलं' असे लिहा. 'आमच्या सगळ्यांच्या' म्हणणारा मात्र सगळ्यांच्या वतीने बोलतो आहे, आणि तिथे आधार मागायला हरकत नाही. भावनेला 'तुला असं वाटायलाच नको' हे उत्तर कधीही देऊ नका. वाटणे खोटे नसते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

कुणाच्या लिहिण्यात जीव देण्याची भाषा दिसली तर वाद तिथल्या तिथे सोडा, मग तो माणूस पाच मिनिटांपूर्वी तुम्हाला शिव्या देत का असेना. सगळ्यांसमोर नको, खासगी निरोप पाठवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर द्या. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येते. धोका लगेचचा वाटला तर ११२.

धमकी आली तर

'तुझ्यावर ६६अ लावतो' म्हणणाऱ्याला घाबरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले. पण भारतीय न्याय संहितेतली कलमे खरी आहेत: १९६ गटागटांत वैर पसरवण्याबद्दल, २९९ धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल, ३५३ अफवा पसरवण्याबद्दल, ३५६ बदनामीबद्दल. ती तुम्हालाही लागू आहेत. 'त्यांनी आधी लिहिलं' हा बचाव होत नाही.

कुणी घराचा पत्ता, फोन, मुलीचा फोटो टाकला किंवा मारण्याची धमकी दिली तर उत्तर देऊ नका आणि काही पुसूही नका. पूर्ण पडद्याचे स्क्रीनशॉट घ्या, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे. पोस्टची लिंक आणि खात्याची लिंक वेगळी लिहून ठेवा, कारण नाव बदलले तरी लिंकवरून माग काढणे सोपे जाते. मग १९३० वर किंवा केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, किंवा सायबर गुन्ह्यांसाठीच्या पोलीस ठाण्यात जा. तुम्ही निपाणीत आणि धमकी देणारा कागल-कोल्हापुरात असला तरी 'आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र (म्हणजे पोलीस न्यायालयाला न विचारता तपास करू शकतात असा) गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि नंतर योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. नोंदीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

चूक आपली असेल तर

होतेच. आकडा चुकतो, फोटो जुना निघतो, माणूस भलताच समजला जातो. जिथे चूक केली तिथेच लिहा. शंभर जणांसमोर चुकून खासगीत माफी मागणे पुरत नाही. मूळ कमेंट गुपचूप पुसू नका, तिचा स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतोच. तिच्याखाली दुरुस्ती लिहा: काय चुकले, खरे काय आहे, कुणाला लागले. 'जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' ही माफी होत नाही. 'जर' काढा आणि नाव घेऊन लिहा. 'पण तुम्हीही…' असे पुढे जोडू नका. ते म्हणायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या उत्तरात. समोरचा कन्नड भाषक असेल तर त्याच्या भाषेत एक शब्द पुरतो आणि तो इथल्या प्रत्येक मराठी माणसाला येतो: 'तप्पायतरी.' चुकले माझे. लिहा, आणि समोरून काय येते ते बघत बसू नका.